मागे कॅरव्हान, आत फ्रिज आणि वाटेत हरवलेले व्होल्ट

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युराला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर ४२ अंश तापमान होतं. मेलबर्नहून कॅल्डर हायवेने साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर, आणि मागे कॅरव्हान जोडलेली म्हणून वेग नव्वदच्या पुढे नेला नव्हता. उतरल्या उतरल्या कॅरव्हानचं दार उघडून फ्रिज पाहिला. आतल्या थर्मामीटरवर १४ अंश. दह्याला पाणी सुटून वर बुडबुडे आलेले, पनीर बोटाला बुळबुळीत लागत होतं, आणि सासूबाईंनी रात्रभर चक्का टांगून केलेल्या श्रीखंडाचं झाकण काढताच आंबूस वास आला. फ्रिजवरचा १२ व्होल्टचा दिवा मात्र व्यवस्थित पेटलेला होता.

त्याच दिव्याच्या भरवशावर मी अख्खा दिवस गाडी चालवली होती. दिवा पेटला याचा अर्थ फ्रिजपर्यंत वीज पोचते आहे, एवढाच. किती पोचते आहे हे तो दिवा सांगू शकत नाही, आणि सगळा प्रश्न त्या ‘किती’चाच आहे. ऑस्ट्रेलियात आता आपल्यातलीही बरीच कुटुंबं कॅरव्हान घेऊन बाहेर पडतात, आणि ‘वाटेत फ्रिज चालतच नाही’ ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की एकदा नीट बसून लिहावंसं वाटलं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी ओळख. कॅरव्हान म्हणजे गाडीच्या मागे हूकला जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि फ्रिज. मुक्कामाच्या कॅरव्हान पार्कमध्ये २४० व्होल्टची घरगुती वीज मिळते, रानात मुक्काम केला तर गॅसचं सिलिंडर असतं, आणि रस्त्यावर असताना ओढणाऱ्या गाडीची १२ व्होल्टची वीज. या तिन्हींवर चालणाऱ्या फ्रिजला इथे ‘थ्री-वे’ म्हणतात. आमचा तोच होता.

या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. हलणारा एकही भाग नसतो, म्हणून आवाजही नसतो. १९२२ साली स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला, आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सने तो विकायला सुरुवात केली. हा फ्रिज कसा चालतो ते समजायला माठ आठवावा. माठातलं पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यावर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वारा कोरडा असला की पाणी गारेगार होतं; पावसाळ्यात हवाच दमट, म्हणून माठातलं पाणी जेमतेम गार. या फ्रिजमध्ये पाण्याच्या जागी अमोनिया आहे आणि कोरड्या वाऱ्याच्या जागी हायड्रोजन. द्रव अमोनिया हायड्रोजनमध्ये आला की भराभर उडतो आणि उडताना फ्रिजच्या आतली उष्णता उचलतो. पुढे ती अमोनियाची वाफ पाण्यात विरघळते. ते पाणी बॉयलरमध्ये येतं, तिथे तापवलं की अमोनिया पुन्हा सुटा होतो, वर जाऊन निवतो, द्रव होतो, आणि फेरा पुन्हा सुरू.

म्हणजे या फ्रिजची थंडी येते ती तापवण्यातून. तापवणारी ज्योत गॅसची असो, कॉइल २४० व्होल्टची असो की १२ व्होल्टची, बॉयलरला त्याचं सोयरसुतक नाही. त्याला उष्णता पुरेशी हवी. ती कमी पडली तर फ्रिज बंद पडत नाही, मंदावतो, आणि म्हणूनच बिघाड लवकर लक्षात येत नाही.

१२ व्होल्टची ही कॉइल साधारण १२० ते २०० वॅटची असते. आमची १५० वॅटची. १५० भागिले १२, म्हणजे साडेबारा अँपिअर, तेही अखंड. गाडीचे जवळजवळ तीन हेडलाइट सकाळपासून संध्याकाळपर्यंत लावून ठेवल्यासारखं आहे हे. आणि हा प्रवाह गाडीच्या नाकातल्या बॅटरीपासून निघून, गाडीखालून, हूकवरच्या प्लगमधून, कॅरव्हानच्या पोटाखालून फ्रिजच्या पाठीपर्यंत जायचा आणि तितकंच अंतर परत यायचा. आमच्याकडे जाण्याची बाजू १२ मीटर भरली. येऊन-जाऊन २४ मीटर तार.

चौथ्या मजल्यावरचा नळ

सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. रात्री सगळे झोपलेले असताना नळ उघडला की पहिला क्षणभर पाणी जोरात येतं. मग धार करंगळीएवढी होते. टाकी भरलेली असते, पंप चांगला असतो, पण पाइप बारीक आणि आतून गंजलेला. नळ बंद असताना पाइपात दाब पुरेपूर दिसतो, कारण पाणी वाहतच नसतं. वाहायला लागलं की दाब वाटेतच खर्च होतो.

व्होल्ट म्हणजे तो दाब, अँपिअर म्हणजे वाहणारं पाणी, आणि तार म्हणजे पाइप. बंद नळाचा दाब मोजून आपण नळ चांगला आहे असं म्हणत नाही. पण कॅरव्हानच्या बाबतीत नेमकं तेच होतं. प्लगच्या टोकाला मीटर लावला जातो, साडेतेरा व्होल्ट दिसतात, आणि ‘सप्लाय ओके आहे’ असं सांगून मंडळी मोकळी होतात. मलाही कॅरव्हान घेताना विकणाऱ्याने असंच मोजून दाखवलं होतं. तेव्हा फ्रिज बंद होता.

मिल्ड्युराच्या पार्कमध्ये शेजारी उतरलेले एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबा माझी खटपट पाहून आले. म्हणाले, इंजिन चालू ठेव, फ्रिज १२ व्होल्टवर चालू ठेव, आणि मीटर फ्रिजच्या पाठीला लाव. कॅरव्हानच्या बाहेरच्या अंगाला फ्रिजच्या मागे प्लॅस्टिकची जाळी असते, ती काढली. आत तांबूस धूळ, एक-दोन मेलेले पतंग, आणि खाली काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर पितळी स्क्रू. लाल टोक एका स्क्रूवर, काळं दुसऱ्यावर. फ्रिज बंद: १३.५. आतून बायकोने बटण दाबलं. आकडा माझ्या डोळ्यांसमोर घसरला आणि १०.४ वर थांबला. त्याच वेळी बॉनेट उघडून गाडीच्या बॅटरीवर मोजलं तर १३.६. तीन व्होल्टच्या वर वीज वाटेतच तारा तापवण्यात खर्च होत होती.

१२ चे १०.४ झाले, तर काय एवढंसं, असं वाटेल. पण तापणाऱ्या कॉइलचं गणित वर्गाचं आहे. व्होल्ट कमी झाले की प्रवाहही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि उष्णता म्हणजे या दोघांचा गुणाकार. त्यामुळे व्होल्ट एक दशांशाने उतरले तर उष्णता जवळजवळ एक पंचमांशाने उतरते. आमच्या १५० वॅटच्या कॉइलला मिळत होते ११३ वॅट. चार भाकऱ्यांच्या भुकेला तीन भाकऱ्या, आणि बाहेर ४२ अंश.

‘सहा एमएम’ म्हणजे सहा नव्हे

तार बारीक होती हे उघड होतं. पण ती विकत घेताना जो गोंधळ होतो तो सांगायलाच हवा, कारण त्यात शहाणी माणसंही फसतात. मुंबई-पुण्यात घराच्या वायरिंगला ‘अडीच स्क्वेअर एमएम’ मागितलं की मिळतं ते आतल्या तांब्याचं माप. ऑस्ट्रेलियात गाड्यांच्या दुकानात ‘सहा एमएम केबल’ मागितली की मिळते ती प्लॅस्टिकच्या आवरणासकट सहा मिलिमीटर जाड. आत तांबं असतं सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर. ‘चार एमएम’मध्ये तर जेमतेम १.८५. आमच्या कॅरव्हानमध्ये फ्रिजला हीच चार एमएम होती.

दुसरं माप ‘बी अँड एस’. त्यात आकडा लहान तितकी तार जाड: ८ बी अँड एस म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटर तांबं, ६ बी अँड एस म्हणजे साडेतेराच्या आसपास. त्यामुळे ‘सहा’ हा एकच आकडा दोन दुकानांत तिपटीने वेगळी तार देऊन जातो. मागताना चौरस मिलिमीटरच विचारावं आणि पाकिटावर वाचून खात्री करावी.

किती जाड लागेल याचा हिशेब घरी करता येतो. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम. येऊन-जाऊन लांबीने गुणायचं, तांब्याच्या चौरस मिलिमीटरने भागायचं, आणि अँपिअरने गुणायचं. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. आमच्या २४ मीटरला, साडेबारा अँपिअरला, ४.६ च्या तारेत सव्वा व्होल्टच्या जरा आत, आणि १३.५ च्या तारेत ०.४ पेक्षाही कमी. मी ६ बी अँड एस टाकली. महाग पडली आणि वळवायला ताठ असते, पण थ्री-वे फ्रिजसाठी याहून कमीत भागवू नये असं माझं ठाम मत आहे.

लाल तार जाड टाकून काळी तशीच ठेवणारेही भेटतात. आजोबांनी लांब तारेने दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून दाखवल्या: जाताना १.७ व्होल्ट गेले होते आणि येताना १.५. आमच्या फ्रिजची परतीची वाट कॅरव्हानच्या दिव्यांच्या बारीक अर्थिंगच्या तारेतूनच होती, त्यामुळे इंडिकेटर लावला की फ्रिजचा आकडाही हलायचा. परतीची तार जाण्याच्या तारेइतकीच जाड हवी, आणि हूकच्या गोळ्यावर किंवा सांगाड्यावर भरवसा ठेवू नये.

उरले जोड. इथल्या बारा पिनांच्या चपट्या प्लगमध्ये सात पिना दिव्या-ब्रेकच्या आणि पाच जाड पिना जास्त प्रवाहासाठी असतात. तरी बहुतेक जण फ्रिजसाठी वेगळा ५० अँपिअरचा अँडरसन प्लग लावतात, आणि मीही तोच लावला. आतल्या तांब्याच्या दोन जिभा एकमेकींवर घट्ट दाबून बसतात, आणि तो काढा-घालायला सोपा असतो. मात्र तार त्याच्या टोपणात पक्कडीने चेपून भागत नाही. त्याला मोठं क्रिंपिंगचं, म्हणजे तार टोपणात घट्ट दाबून बसवायचं, हत्यारच लागतं. आणि बॅटरीच्या अगदी जवळ, हातभराच्या आत, फ्यूज हवाच. सांगाड्यावर घासून तार उघडी पडली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि त्याने गाडी पेटते. फ्यूज फ्रिजला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो.

नवी गाडी असेल तर

जाड तार टाकूनही फ्रिज कोमटच, अशी तक्रार नव्या गाड्यांच्या मालकांची असते. जुन्या गाडीत इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, १३.८ ते १४.४ व्होल्ट देत राहायचा. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे कंपन्यांनी ‘स्मार्ट’ अल्टरनेटर बसवले. बॅटरी भरली आहे असं दिसलं की गाडीचा संगणक व्होल्ट १२.३-१२.५ पर्यंत उतरवतो, म्हणजे इंजिनवरचा भार आणि इंधन वाचतं. ब्रेक लावताना किंवा उतारावर तो पुन्हा १५ च्या आसपास चढवतो आणि फुकटची ऊर्जा बॅटरीत भरून घेतो. गाडीच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे. फ्रिजच्या दृष्टीने टाकीतलाच दाब कमी झाला.

याचा आणखी एक फटका बसतो. जेवायला थांबलो, इंजिन बंद केलं, तर थ्री-वे फ्रिज गाडीची बॅटरी पिऊन टाकतो. दोन-तीन तासांत गाडी सुरू न होण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मध्ये एक रिले, म्हणजे वीज आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, असतो. जुन्या पद्धतीचा रिले व्होल्ट पाहून ठरवतो: १३.३ च्या वर गेले म्हणजे इंजिन चालू, जोडा, १२.८ च्या खाली आले म्हणजे बंद, तोडा. स्मार्ट अल्टरनेटरपुढे हा रिले चकतो. इंजिन चालू असतानाही तो फ्रिज तोडतो. अशा गाडीत रिले किल्लीच्या सिग्नलवर चालवावा लागतो.

कॉम्प्रेसरचा फ्रिज

आता नव्या कॅरव्हानमध्ये घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा, पण १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज वाढत्या प्रमाणात येतो आहे. तो चालू असताना साधारण ४ ते ६ अँपिअर घेतो आणि गार झाला की थांबतो. त्याची तऱ्हा वेगळी. थ्री-वे अर्धपोटी मंदावतो, कॉम्प्रेसरवाला रुसून बंदच होतो. व्होल्ट ठरलेल्या पातळीखाली गेले की त्याचं सर्किट कॉम्प्रेसर तोडतं. तोडला की प्रवाह थांबतो, व्होल्ट पुन्हा चढतात, तो सुरू व्हायला जातो, व्होल्ट पुन्हा पडतात. टक्... टक्... असा आवाज येत राहतो आणि बॅटरी मात्र भरलेली दिसते. तो आवाज आला की फ्रिज दुरुस्तीला टाकू नका, आधी तार मोजा.

या फ्रिजला गाडीची वीज थेट द्यायचीच नसते. कॅरव्हानमध्ये वेगळी बॅटरी असते, फ्रिज तिच्यावर चालतो, आणि गाडी फक्त ती बॅटरी भरते. मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. गाडीकडून येणारे व्होल्ट कमी असोत की वरखाली, हा डबा ते उचलून बॅटरीला हवे तितके करून देतो. ॲडलेडच्या रेडआर्क कंपनीचे असे डबे इथे घरोघरी दिसतात. २५ ते ४० अँपिअरचा डबा कुटुंबाच्या गरजेला पुरतो. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर त्याला इग्निशनची एक जादा बारीक तार जोडावी लागते, म्हणजे व्होल्ट कमी असले तरी इंजिन चालू आहे हे त्याला कळतं. लिथियम बॅटरीला तर हा डबा टाळताच येत नाही, कारण ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापवते.

थ्री-वेची कॉइल मात्र या डब्यामागच्या बॅटरीवर लावू नये. २५ अँपिअरमधले बारा-तेरा कॉइलच खाऊन टाकते आणि बॅटरी भरायला निम्मंच उरतं. थ्री-वेला स्वतःची सरळ, जाड तार, चार्जरला वेगळी. माझ्या गाडीच्या मागे आता दोन अँडरसन प्लग आहेत.

निघण्याच्या आदल्या रात्री

१२ व्होल्टवर थ्री-वे फ्रिज गार करत नाही, गारवा टिकवतो. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच तो २४० व्होल्टवर लावायचा आणि सामान घरच्या फ्रिजमधून गार झालेलंच भरायचं. गरम वरणाचं एक पातेलं ठेवलं तर दिवसभर त्याचीच किंमत मोजावी लागते. चिकन दगडासारखं गोठवून घ्यावं. कॅरव्हान सपाट उभी करावी, कारण आतला अमोनिया आणि पाणी उतारानेच वाहतात. तिरकी उभी राहिली तर ते वाटेतल्या नळ्यांत अडकतात, बॉयलर कोरडा पडून जास्त तापतो आणि दीर्घकाळात फ्रिज कायमचा जातो. चालत्या गाडीत हेलकावे बसत असल्याने तिथे ही चिंता नाही.

गॅसवर फ्रिज चालू ठेवून गाडी चालवू नये. बऱ्याच जणांना तो सोपा उपाय वाटतो, कारण गॅसवर फ्रिज उत्तम गार होतो. पण पेट्रोल पंपावर शिरताना मागे उघडी ज्योत असते, आणि अपघातात पाइप तुटला तर गॅस वाहतच राहतो. सिलिंडरचा कॉक बंद करूनच निघावं.

फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवावा, बाहेरून वाचता येणारा. इथल्या अन्नसुरक्षेच्या नियमात ५ अंश ही सीमा आहे: मांस, दूध, शिजवलेलं अन्न त्याच्यावर दोन तासांहून कमी राहिलं तर परत फ्रिजमध्ये ठेवता येतं, दोन ते चार तास राहिलं तर लगेच खाऊन टाकायचं, आणि चार तासांनंतर फेकायचं. त्या दिवशी सासूबाईंना श्रीखंड टाकवत नव्हतं, आणि ते कचऱ्याच्या डब्यात टाकताना मलाही फार वाईट वाटलं.

साउथ ऑस्ट्रेलियात जाणार असाल तर मिरच्या, टोमॅटो, कैऱ्या भरूच नका. मिल्ड्युराहून रेनमार्ककडे जाताना यांबाला फळमाशीसाठी तपासणी नाका आहे, चोवीस तास उघडा, आणि तिथे फ्रिज उघडून पाहतात.

तार बदलल्यावर पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. फ्रिजच्या पाठीला मीटर १२.९ दाखवत होता, तोही फ्रिज चालू असताना. म्हणजे कॉइलला ११३ च्या जागी १७३ वॅट. सकाळी निघताना आत ३ अंश होते, दुपारी ४१ अंशांच्या झळांत ७ पर्यंत चढले. ७ हे ५ नव्हे, म्हणून पोचताच २४० व्होल्टवर लावला आणि दूध आधी संपवलं. दही गोडच होतं. थ्री-वे फ्रिजकडून अशा उन्हात याहून जास्त मागता येत नाही. पाठीमागच्या जाळीत एक छोटा पंखा बसवला तर एक-दोन अंश आणखी उतरतात असा माझा अनुभव आहे.

आता निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने मी एकदा थांबतो. उतरून मागे जातो आणि अँडरसन प्लग मुठीत धरून पाहतो. कोमट असला तर ठीक. हात ठेववत नाही इतका गरम असला तर आतली जीभ सैल झाली आहे किंवा क्रिंप सुटतो आहे, आणि फ्रिजचे व्होल्ट तिथेच जळताहेत. एकदा तसा लागला होता. फ्रिज तिथेच बंद केला, प्लग उघडला, तर काळ्या तारेचं एक टोक तपकिरी पडलं होतं. पेटीतला जादा प्लग लावला आणि अर्ध्या तासाने पुन्हा थांबून हात लावून पाहिला.